जास्तीच्या पिशवीचं काय करायचं? दूधवाल्याकडून ऐका

डोंबिवली पूर्वेला माझी दुधाची लाइन आहे. पहाटे टेम्पो कॅरेट उतरवून जातो आणि उजाडायच्या आत पिशव्या दारांना लागलेल्या असतात. उद्याची मागणी आम्हाला आदल्या दिवशी दुपारीच वर कळवावी लागते. त्यामुळे रात्री साडेदहाला "दादा, उद्यापासून चार दिवस दूध नको, गावाला चाललोय" असा मेसेज येतो तेव्हा त्या घराचं दूध टेम्पोत चढायच्या वाटेवर असतं. ते परत जात नाही. मग मी सांगतो, उद्याची पिशवी घ्या, निघायच्या आधी फ्रीझरमध्ये टाका, आल्यावर पहिला चहा तिचाच करा. यावर ठरलेला प्रश्न येतो, "दूध गोठवलं तर नासत नाही का?"

नासत नाही. चव थोडी उतरते, पोत थोडा बदलतो, पण नीट गोठवलेलं आणि नीट सोडवलेलं, म्हणजे पुन्हा पातळ केलेलं, दूध चहाला, खिरीला, पनीरला, दह्याला व्यवस्थित चालतं. बिघडतं ते बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी गोठवल्यामुळे.

तेव्हा आधी दिवसाचं बोलू. लोक फ्रीझरकडे वळतात ते दुधाची मुदत संपायच्या तारखेला. तीन दिवस फ्रीजच्या दारात पडलेली पिशवी, आज तापवली तर फाटेल की काय अशी शंका आली की ती वर फ्रीझरमध्ये जाते. याचा उपयोग नाही. थंडीने दुधातले जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते एवढंच. ताजं ठेवलंत तर सोडवल्यावर ताजं मिळेल, आंबायला टेकलेलं ठेवलंत तर तेच आंबायला टेकलेलं हातात येईल. ज्या दिवशी कळलं की हे दूध जास्तीचं आहे, त्याच दिवशी ते गोठवायला टाकायचं.

आणि दिवस मोजताना दारावरचा वेळही मोजा. डेअरीत दूध ७२ अंशांना १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं, टेम्पोतून उतरतानाही पिशवी हाताला गार लागते. पण मी पाचला दाराला अडकवलेली पिशवी काही घरांत आठपर्यंत तिथेच लटकत असते. मे महिन्यात, सकाळचं ऊन येणाऱ्या मजल्यावर, ती पिशवी आठला कोमट असते. ती आज तापवून प्यायला ठीक आहे. गोठवायची असेल तर मात्र लवकर उठून आत घेतलेली, फ्रीजमध्ये गार झालेली पिशवीच निवडा. घरात दोन पिशव्या असतील तर जुनी आज वापरा आणि आजची गोठवा. बरेच जण नेमकं उलटं करतात.

आता पिशवी गोठवायची कशी. पाश्चराइज्ड दुधाची बंद पिशवी न तापवता, न फोडता तशीच ठेवायची. ती कारखान्यात सीलबंद झालेली आहे, तेवढं स्वच्छ भांडं आपल्या घरात मिळणार नाही. आधी तिला नळाखाली धुवा, कारण ती कॅरेटमध्ये दुसऱ्या पिशव्यांना घासत आलेली असते आणि एखादी लीकेज निघाली की तिचं दूध सगळ्यांना लागलेलं असतं. मग कोरडी पुसा. अगदी कोरडी. ओली पिशवी फ्रीझरच्या तळाला चिकटते. एकदारी फ्रीज असेल, आत बर्फाचा थर साठत असेल, तर ती अशी चिकटते की ओढली की फाटते. ती उपटायला उलथनं किंवा चाकू घेणारे लोक मी बघितले आहेत. कृपा करून हे करू नका. त्या पत्र्यातूनच गॅस फिरत असतो, एक भोक पडलं की अर्ध्या लिटर दुधापायी फ्रीज दुरुस्तीला जातो. चिकटलीच तर फ्रीज बंद करून थोडा वेळ दार उघडं ठेवा, आपोआप सुटते.

हे टाळायला पिशवी स्टीलच्या ताटलीत ठेवा, आणि आडवी ठेवा. उभी किंवा दुमडून, मटाराच्या पाकिटाच्या आणि बर्फाच्या ट्रेच्या मधल्या बोळकांडीत कोंबू नका. आडवी ठेवून तळव्याने हलकेच थापली की दूध सगळीकडे सारखं पसरतं आणि बोटभर जाडीची लादी तयार होते. हा या सगळ्या कामातला सगळ्यात कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दूध शून्य अंशाला गोठत नाही, त्याच्या किंचित खाली, साधारण उणे अर्ध्या अंशाला गोठायला लागतं. (दुधात पाणी घातलंय का हे डेअरीवाले यावरूनही पकडतात. पाणी जितकं जास्त तितका हा आकडा शून्याकडे सरकतो.) गोठताना आधी पाण्याचे स्फटिक होतात. जाड गोळा असेल तर आतल्या दुधाला गोठायला बराच वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात हे स्फटिक मोठे वाढतात. दुधातल्या स्निग्धाच्या प्रत्येक बारीक थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं, ते या मोठ्या स्फटिकांनी फाटतं. मग दूध सोडवल्यावर तूप मोकळं होऊन वर तरंगतं. पातळ लादी लवकर गोठते, स्फटिक बारीक राहतात, मोडतोड कमी होते. शिवाय सोडवतानाही ती लवकर सुटते. थापण्याचा दहा सेकंदांचा कंटाळा केला नाही तर दोन्हीकडे फायदा.

पिशवी फुटेल का? पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि दुधात पाणीच जास्त, गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के, म्हशीच्या थोडं कमी. पण पिशवी गच्च भरलेली नसते, आडवी ठेवली की तिला फुगायला जागा मिळते. शिवणीपाशी कमजोर असलेली एखादी पिशवी गळते. म्हणून ताटली, किंवा बाहेरून दुसरी एक पिशवी. लीकेज असलेली पिशवी गोठवूच नका, तिचा दूधवाल्याला फोटो पाठवा आणि बदलून मागा.

तारीख लिहायची ती पिशवी फ्रीझरमध्ये टाकायच्या आधी. गोठलेल्या पिशवीवर दव जमतं आणि पेन चालत नाही. आमच्या घरी बायको रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर गोठवल्याची तारीख लिहिते. पिशवीवर छापलेल्या तारखेकडे मग बघायचं नाही, ती फ्रीजमधल्या दुधासाठी असते.

काचेच्या बाटलीत दूध गोठवू नका. फुगलं की तडा जातो आणि तो तडा दिसेलच असं नाही.

गवळ्याचं सुटं दूध घेत असाल तर नियम वेगळा. ते निरसं असतं, कुठल्याही यंत्रातून गेलेलं नसतं, त्यामुळे आधी तापवायचं. चांगली उकळी येऊ द्या, मग पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून पटकन निववा, तासभर ओट्यावर झाकून ठेवू नका. फ्रीजमध्ये गार करा, साय काढून घ्या. सायीसकट गोठवलेल्या म्हशीच्या दुधात सोडवल्यावर सायीची लक्तरं फिरतात, चहात ती कुणालाच आवडत नाहीत. नंतर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा चांगल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, वरून दोन बोटं जागा सोडून, डबा फ्रीझरमध्ये. स्टीलमध्ये लवकर गोठतं. झाकण अडकलं तर नळाच्या धारेखाली फिरवा, सुटतं. पातेल्यात तापवून उरलेलं पिशवीचं दूधही असंच ठेवता येतं, पण ते सकाळी तापवलेलं, फ्रीजमध्ये ठेवलेलं असावं. दिवसभर ओट्यावर राहून चार वेळा पळी बुडवलेलं दूध रात्री फ्रीझरमध्ये टाकून काही वाचत नाही.

एकट्यादुकट्या माणसाला अर्धा लिटर एकदम सोडवणं जड जातं. माझ्या लाइनवर एक आजोबा आहेत, दिवसाला दोन कप चहा एवढाच त्यांचा खर्च. पिशवी घेतली की अर्धी वाया जायची. त्यांना बर्फाच्या ट्रेचा उपाय सांगितला. तापवून गार केलेलं दूध ट्रेमध्ये ओतायचं, गोठलं की खडे काढून झिपच्या पिशवीत भरायचे, हवा काढून बंद करायचे. एका खड्यात किती दूध मावतं ते आपल्या ट्रेवर ठरतं. एकदा चमच्याने मोजून घ्या, म्हणजे कपाला किती खडे ते ठरतं. उकळत्या चहात खडे थेट टाकायचे. मात्र ट्रेमध्ये उघडे ठेवू नका. दुधातलं स्निग्ध शेजारचा वास ओढून घेतं. आमच्या भागात निम्म्या घरांच्या फ्रीझरमध्ये सुरमई किंवा आलं-लसणाची पेस्ट असते, आणि लसणाच्या वासाचा चहा काय लागतो ते सांगायची गरज नाही.

कुठलं दूध चांगलं गोठतं हेही विचारतात. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्ध असतं, स्टँडर्डमध्ये साडेचार, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. स्निग्ध जितकं कमी तितकं गोठवलेलं दूध आधीसारखं दिसतं. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलं असेल तर आणखी बरं, कारण त्यात स्निग्धाचे थेंब आधीच बारीक केलेले असतात. फुल क्रीम गोठवायला हरकत काहीच नाही, फक्त ते खिरीला किंवा बासुंदीला राखून ठेवा. खोक्यातलं दूध, जे न उघडता बाहेर टिकतं, ते गोठवायचं कारणच नाही. कपाटात ठेवा.

किती दिवस? दोन दारांच्या, बर्फ न साठणाऱ्या फ्रीजचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. तिथे महिनाभर दूध चांगलं राहतं. तीन महिन्यांपर्यंतही पोटाला धोका नाही, पण चव उतरते आणि कणी पडायला लागते. एकदारी फ्रीजच्या वरच्या कप्प्याची एवढी ताकद बहुधा नसते. ओळखायचं सोपं आहे: त्यात आइस्क्रीम दगडासारखं कडक राहतं का? राहत असेल तर महिना धरा. मऊ पडत असेल तर दोन आठवड्यांत संपवा.

गोठलेली पिशवी पिवळसर दिसली की लोक घाबरतात. मला सकाळी सकाळी फोटो येतात. दुधात मुळातच पिवळसर रंगाचं ब-२ जीवनसत्त्व असतं, गाईच्या दुधात कॅरोटीनही. एरवी ते पांढऱ्यात लपलेलं असतं, गोठल्यावर बर्फ आणि बाकीचं दूध वेगवेगळं झालं की उठून दिसतं. सुटलं की रंग परत पांढरा होतो.

आता सोडवणं. उद्या सकाळी हवं असेल तर आज रात्री पिशवी फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, पसरट भांड्यात ठेवा. भांडं हवंच, कारण गोठताना शिवण उसवली असेल तर ते आत्ता कळतं, आणि भाजीच्या ट्रेमध्ये सांडलेलं दूध साफ करायला अर्धी सकाळ जाते. थापलेली लादी सकाळपर्यंत सुटते, जाड गोळा दुपारपर्यंत वाट बघायला लावतो. घाई असेल तर बंद पिशवी परातीत गार पाण्यात बुडवा, पाणी एक-दोनदा बदला, तासाभरात काम होतं. गरम पाणी नको, आणि ओट्यावर तर नकोच. ओट्यावर बाहेरचं दूध कोमट होतं, मधला बर्फ तसाच राहतो, आणि कोमट झालेल्या भागात जंतू कामाला लागतात.

पिशवी पूर्ण सुटेपर्यंत फोडू नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो आणि लोक पुन्हा पुन्हा फोडतात. गोठलेलं दूध वितळताना साखर, क्षार आणि बाकीचा जडपणा आधी उतरतो, मागे पाण्याचा बर्फ राहतो. अर्धवट सुटलेली पिशवी फोडून चहापुरतं ओतून घेतलं तर तो चहा छान दाट आणि गोडसर होतो. दुपारी उरलेलं सुटतं ते पांढरं पाणी. मग मला फोन येतो की दादा, दुधात पाणी आहे! पाणी कुणी घातलेलं नसतं, दूध दोन वेळच्या चहात वाटलं गेलेलं असतं. पूर्ण सुटू द्या, पिशवी हातात धरून चांगली हलवा, मग कात्री लावा. कोपरा पूर्ण तोडून वेगळा करू नका, चीर देऊन लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा कचऱ्यातून कुणीच वेचत नाही, धुतलेली अख्खी पिशवी मात्र भंगारवाला घेतो.

लगेच तापवायचंच असेल तर अख्खी लादी थेट पातेल्यातही टाकता येते, कारण ती न थांबता उकळीपर्यंत जाते. पातेल्यात आधी दोन-तीन चमचे पाणी घाला, आच मंद ठेवा, आणि लादी विरघळेपर्यंत जवळ उभे राहा. गोठवलेलं दूध नेहमीच्या दुधापेक्षा लवकर तळाला लागतं, त्यातले कण खाली बसतात. पळीने तळ खरवडत राहा.

तापवताना वर तुपाचे बारीक थेंब दिसतील, कडेला रव्यासारखी कणी दिसेल. हे फाटलेलं दूध नाही. रवीने दोन मिनिटं घुसळा किंवा मिक्सरमधून एकदा फिरवा, बऱ्यापैकी एकजीव होतं. खरंच नासलेलं दूध वेगळं कळतं: आंबट वास येतो, आणि उकळी यायच्या आत चोथा आणि हिरवट पाणी सरळ वेगळं होतं. वास आंबट असेल तर ते गोठवायच्या आधीच गेलेलं होतं, टाकून द्या.

सोडवलेलं दूध दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा आणि पुन्हा गोठवू नका. नुसतं गार दूध प्यायला, किंवा कॉफीत वरून घालायला, ते मला स्वतःला आवडत नाही. तोंडात जरा पिठूळ लागतं आणि कॉफीवर तवंग येतो. लहान मुलं तर पहिल्याच घोटाला ग्लास बाजूला सारतात. चहा, तांदळाची खीर, शेवया, शिरा, कस्टर्ड, पनीर, यांत फरक कळत नाही. पनीर तर मी म्हणेन दोन-तीन पिशव्या एकदम निघाल्या की करावंच. लिंबू पिळा, फडक्यात बांधा, आणि खालचं पाणी कणीक भिजवायला घ्या.

दह्याचं थोडं सांभाळावं लागतं. गोठवलेल्या दुधाचं दही लागतं, पण सैल, आणि वर पाणी सुटतं. दूध तापवून थोडं आटवा किंवा लिटरमागे दोन चमचे दूध पावडर घाला, मग विरजा. तरीही सैल राहिलं तर कढी किंवा ताक करा, त्यात कुणी विचारणार नाही. विरजणही गोठवता येतं. लांब गावाला जाताना घरचं चांगलं विरजण मोडू नये म्हणून बायको दोन-तीन चमचे दही छोट्या डबीत फ्रीझरमध्ये टाकून जाते. आल्यावर फ्रीजमध्ये सोडवायचं आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त वापरायचं. पहिल्या खेपेला दही लागायला वेळ लागतो, दुसऱ्या खेपेला पूर्ववत होतं.

सायीचं तर सगळ्या बायकांना माहीतच आहे, रोजची साय डब्यात साठवून फ्रीझरमध्ये, पुरेशी झाली की सोडवून विरजून लोणी. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर साठवलेली साय कडवट होते, ती फ्रीझरमध्ये होत नाही.

चिकाचं मात्र सगळंच उलटं. कुणाच्या गोठ्यात म्हैस व्याली आणि ओळखीने चीक मिळाला, पण घरात खरवस खाणारी माणसं रविवारीच येणार आहेत, तर चीक गोठवा. आणि तो तापवू नका! चीक तापवला की घट्ट होतो, खरवस होतो तो त्यामुळेच. आणला की गाळून, लहान डब्यांत, निरसाच फ्रीझरमध्ये टाका. सोडवायचा तो फक्त फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. गरम पाण्यात धरलात तर डब्याच्या कडेने तो थिजायला लागतो. सुटला की दूध, गूळ, वेलची, जायफळ घालून नेहमीसारखा वाफवा, मधोमध सुरी कोरडी निघेपर्यंत. निरसा असल्यामुळे वाफ कमी ठेवून चालणार नाही. चिकाचं गोठल्यावर काही बिघडत नाही, खरवस अगदी तसाच पडतो, म्हणून माझ्या मते दुधापेक्षा चीकच फ्रीझरला जास्त मानवतो.

कोजागरीचं मसाला दूध उरलं तर ते दूध म्हणून सोडवत बसू नका. थोडं आणखी आटवा, साच्यात किंवा वाट्यांत भरा आणि कुल्फी म्हणून खा. साखरेमुळे ते दगडासारखं गोठत नाही.

साठा करण्याबद्दल माझं मत विचाराल तर दोन-तीन पिशव्यांच्या पुढे जाऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि तिकडून मुंबईकडे येणारं दूध अडकलं. तेव्हा आमच्या भागात मिळेल त्या कंपनीची पिशवी लोकांनी उचलली, काहींनी फ्रीझर भरून ठेवले आणि शेजारच्या घरात बाळाला दूध नाही अशी गत झाली. फ्रीझरमधल्या एक-दोन लाद्यांवर चार दिवसांचा चहा निघतो, मोठ्या माणसांना तेवढं बास आहे.

आणि वीज गेली तर फ्रीझर भरून ठेवण्यात शहाणपण नव्हतं हे लगेच कळतं. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर आमच्याकडे कितीतरी सोसायट्या अंधारात होत्या. वीज गेली की पहिलं काम म्हणजे दार उघडून न बघणं. भरलेला मोठा फ्रीझर न उघडता दीड-दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एखादा दिवस, आणि एकदारी फ्रीजचा छोटा कप्पा त्याहून कमी. वीज आल्यावर पिशवी दाबून बघा. आत बर्फाचा कडक भाग हाताला लागत असेल आणि बाकीचं गार असेल तर ते दूध त्याच दिवशी तापवून वापरून टाका. पूर्ण पातळ आणि कोमट झालेलं असेल तर ओता.

घरी नसताना वीज गेली होती का हे कळायला एक युक्ती आहे. जायच्या आधी छोट्या वाटीत पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वर असेल तर मधल्या काळात काही वितळलं नाही. नाणं मध्यावर रुतलेलं असेल तर बर्फ अर्धवट सुटला होता, ते दूध तापवून बघा, वास बघा आणि पनीरला वापरा. नाणं तळाशी असेल तर पिशवी हाताला कितीही कडक लागली तरी ती एकदा पूर्ण सुटून पुन्हा गोठलेली आहे. किती तास सुटलेली होती ते कुणालाच माहीत नाही, म्हणून ती तापवून बघत बसायचं नाही, मोरीत ओतायची.